बकरी शुद्ध बोलायला लागते तेव्हा

काका, शेवटचं पान अजून माझ्या टेबलावर आहे. चित्रकथेच्या सहा चौकटी. पाच चौकटींपुढचं बोलणं तुमच्या जाड मार्करनं लिहिलेलं, आणि सहावीपुढे बकरीच्या नावाचा एक लहानसा फुगा, रिकामा. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. मी रोज कामावरून येते, कोट काढते, त्या पानाकडे बघते आणि चहा ठेवते. दुसरं काही सुचत नाही.

तुमची माझी ओळख जेमतेम वर्षाची. गेल्या वर्षी रथसप्तमीला तुमच्या लेकीनं, ज्योतीनं, मलिंगारला हळदीकुंकू केलं. गॉलवेहून गाडी हाकत मी आले, आणि साड्यांच्या घोळक्यातून सटकून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तुम्ही तिथे एका लाकडी पाटीवर सैलसर पीठ पसरून सुरीनं त्याच्या वेड्यावाकड्या शेवया उकळत्या पाण्यात पाडत होतात. मी विचारलं, हे काय? तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "श्पेट्सले. जर्मन शेवया. झुनक्यासंगं खाऊन पाय, मंग सांगजो." मी बशीभर खाल्ल्या. बाहेर वाण वाटून झालं तरी मला पत्ता नव्हता.

"बाबांचं खरं वेड बघायचंय?" ज्योतीनं विचारलं. "प्रेसमध्ये आहे बघ, तांदळाच्या पिठामागे." प्रेस म्हणजे कपाट, हे इथे आयर्लंडला येऊन पहिल्याच महिन्यात कळतं. तिथून निघालं एक पातळ, मोठ्या आकाराचं, कोपरे झिजलेलं चित्रकथेचं पुस्तक. डोंगरातल्या गावचा एक लठ्ठ पोस्टमन आणि त्याची बोलणारी बकरी. मूळ पुस्तक फ्रेंच, पण हे श्वाबिशमधलं, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासची माणसं घरात बोलतात त्या बोलीतलं.

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातून टूलमेकर म्हणून तुम्ही तिकडे गेलात तेव्हा तुम्हाला जर्मन येत होतं. क्लास लावून शिकला होतात. आणि पहिल्याच दिवशी कारखान्यात कळलं की ते जर्मन तिथे कोणीच बोलत नाही. तुम्ही हे सांगताना इतके हसायचात की डोळे पुसायला लागायचे. "माय, मी आपला 'कृपया मला ती कानस द्या' म्हनू राह्यलो, अन् थे सारे माह्याकडे असे पाह्यत, जसा मी कलेक्टरच हाय!" शेवटी तुमच्या माइस्टरनं, फोरमननं, स्वतःच्या मुलाचं हेच जुनं चित्रकथेचं पुस्तक तुमच्या हातात ठेवलं. चित्रं बघ, कोण काय म्हणतंय ते आपोआप कळेल. त्यातून तुम्ही बोली शिकलात. त्यांचं घर लहान झालं की 'हाइस्ले' होतं. त्यांचा 'फूस' म्हणजे नुसतं पाऊल नव्हे, तर कमरेपासून खालचा सगळा पाय, अगदी आपल्यासारखा. तुमचं म्हणणं, वऱ्हाडी माणसाला श्वाबिश यायला फार तर सहा महिने लागतात आणि पुणेकराला, म्हणजे मला, येतच नाही.

आणि मग तुम्ही मला बकरीचा नियम सांगितलात. त्या नियमावर पुढचं सगळं उभं आहे म्हणून नीट लिहिते. त्या पुस्तकात गावातली माणसं श्वाबिश बोलतात. शहरातून गावचं पोस्ट ऑफिस बंद करायला आलेले इन्स्पेक्टर पुस्तकी जर्मन बोलतात. बकरी पोस्टमनशी श्वाबिशच बोलते, पण कधी कधी, मध्येच, अगदी साध्या वाक्याला, ती पुस्तकी बोलायला लागते. पोस्टमनला ते कळत नाही. वाचणाऱ्याला कळतं. आणि त्यानंतर तीन चौकटींच्या आत काहीतरी वाईट घडतं. बर्फाचा कडा कोसळतो, पूल तुटतो, इन्स्पेक्टर दारात उभे असतात. "तिले आधी वास येतो," तुम्ही म्हणालात. "पन घाबरवायचं नाई म्हनून ती नीट बोलते. चांगलं चांगलं बोलते. बकरी शुद्ध बोलाले लागली का समजून जायचं." स्वयंपाकघरात एवढा उजेड होता, बाहेर बायका हसत होत्या, तरी माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला ते दिसलं आणि तुम्ही खूश झालात.

हे पुस्तक तुम्हाला वऱ्हाडीत आणायचं होतं. छापायला नाही. ज्योतीच्या मुलींसाठी, आणि स्वतःसाठी. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेले, हात थरथरणारा. फुग्यात बारीक अक्षर तुम्हाला काढता येईना. मी फुशारकीनं म्हटलं, माझं कामच ते आहे. मी एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्यांच्या वेष्टनांवरचा मजकूर तपासते. अक्षर, टिंब, मात्रा, सगळं. चुकीचा शब्द माझ्या डोळ्यांतून सुटत नाही. हे मी अभिमानानं सांगितलं होतं, काका.

मार्चमध्ये कोरोना आला आणि सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही, मग पाच. तुमची डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. पण दर आठवड्याला तुमचं खाकी पाकीट येत राहिलं. मोठमोठ्या अक्षरांतला एका पानाचा मजकूर, प्रत्येक फुग्यापुढे किती अक्षरं मावतील त्याचा आकडा. फुगा मोठा करता येत नाही, माणसालाच थोडक्यात बोलायला लावायचं, ही तुमची शिस्त. रविवारी सकाळी मी लॅपटॉपवर पानाच्या छायाचित्रात मराठी अक्षरं बसवायचे, छापायचे, आणि तुमच्या कागदासकट परत पाठवायचे. ते मिळालं की तुम्ही तुमचा कागद फाडून टाकायचात. मी एकदा म्हटलं, ठेवा ना, आठवण म्हणून. "जुनं ड्रॉइंग शॉपमंधी ठेवाचं नाई. कोनी चुकून त्याच्यावरून पार्ट कापला तं?" माझ्या कारखान्यातही हाच कायदा आहे. नवी प्रत मंजूर झाली की जुनी नष्ट करायची. मला ते इतकं बरोबर वाटलं की मी पुन्हा बोलले नाही.

जुलैत जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली तशी मी धावत आले. मलिंगारच्या तळ्याकाठी आपण बसलो होतो, दोन मीटर सोडून, थर्मासमधला चहा घेऊन. एक म्हातारा कुत्रा फिरवत जाता जाता म्हणाला, "ग्रँड डे, थँक गॉड," आणि तुम्ही त्याला टोपी काढून "ग्रँड, ग्रँड" म्हणालात. तुम्ही सगळीकडे गावकरीच होऊन जायचात.

तिथे आपलं भांडण झालं. तुमच्या वऱ्हाडी पुस्तकात इन्स्पेक्टर पुण्याची मराठी बोलत होते.

"हे मुद्दाम आहे का?" मी विचारलं.

"मंग कोनती बोलतीन? साहेब लोक कसे बोलतात? तुह्यासारखे."

"म्हणजे पुण्याची माणसं काय सगळी पोस्ट ऑफिसं बंद करत फिरतात?"

"बंद कोनी करत नाई वं. ते फक्त सुधारतात."

तुम्ही हसत होतात. मी हसले नाही. मी म्हटलं, माझी आईसुद्धा हेच बोलते, अंगाईसुद्धा मला याच भाषेत ऐकवली, ती तुम्हाला साहेबाची वाटत असेल तर तो तुमचा प्रश्न आहे. तुम्ही थर्मासचं झाकण लावलंत. मग म्हणालात, "तुह्या मायची भाषा वाईट नाई, पोरी. पन माह्या मायले शायेत हेडमास्तरसमोर तोंड उघडाची लाज वाटे. थे कोनाच्या भाषेमुळं, सांग." तळ्यावर ढग आले होते, आणि ज्योती गाडीतून हात करत होती. तो वाद तिथेच राहिला. मला अजूनही वाटतं, काका, की तुमचं पूर्ण बरोबर नव्हतं. आणि मला हे तुम्हाला सांगायचं होतं, आधी दुसरं काहीतरी सांगून झाल्यावर.

ते दुसरं आता सांगते. मी तुमची पानं सुधारत होते.

सुरुवात कधी झाली ते मला आठवतं, पहिलंच पान. 'नाई'चं 'नाही' केलं. हात आपोआप गेला, दिवसभर हेच करते ना. मग 'मले'चं 'मला'. मग वाटलं, ज्योतीच्या मुली मराठी समजतात पण उत्तर देतात ते आयरिश हेल काढून इंग्रजीत, त्यांना हे कसं झेपणार, जरा सोपं केलं तर बरंच. तुम्ही पोस्टमनच्या तोंडी लिहिलं होतं, "काऊन वं माय, आज बी बर्फच पडून राह्यला का?" मी बसवलं, "का गं, आजही बर्फच पडतोय का?" अक्षरंही कमी लागली. फुग्यात छान मावलं. तळ्याकाठच्या भांडणानंतर तर मी धडधडीत सगळंच बदलायला लागले. सूड म्हणणार नाही. पण दर रविवारी एक बारीकसं समाधान वाटायचं, ते काय होतं याची चौकशी मी केली नाही. तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही छापील पान डोळ्यांशी धरून फुगे भरलेत एवढं बघायचात, आणि तुमचा कागद फाडायचात.

पानं पुढे सरकली तशी गोष्ट काळी होत गेली. इन्स्पेक्टर गावात मुक्कामाला आले, पोस्टमनची पिशवी काढून घेतली, एकेक घर दिवा मालवायला लागलं. बकरी मध्येच शुद्ध बोलायची आणि मी ते तसंच बसवायचे, कारण त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. एका रविवारी मी सगळी पानं सलग वाचली. पूल तुटतो, आणि आधी काहीच कळत नाही. कडा कोसळतो, आधी काहीच नाही. माझ्या पुस्तकात बकरी पहिल्या पानापासून शुद्धच बोलत होती. संकट येतंय हे वाचणाऱ्याला कळायची एकुलती एक सोय मी काढून टाकली होती. मी लॅपटॉप मिटला आणि स्वतःला म्हटलं, नाताळनंतर काकांना सांगू. सगळं परत करू. त्यांना पाठ असेल.

बाहेर आकडे वाढत होते. नाताळासाठी सगळं थोडं उघडलं आणि मग एकदम घट्ट बंद झालं.

नाताळानंतरच्या पाकिटात तुमची शेवटची चार पानं एकदम आली. सोबत चिठ्ठी नाही. मी फोन केला, म्हटलं शेवटचा फुगा राहिलाय. मूळ पुस्तकात तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं, तुम्हीच म्हणून दाखवलं होतं. शेवटची चार पानं बकरी सलग पुस्तकी बोलते, पोस्ट ऑफिसला कुलूप लागतं, इन्स्पेक्टरांच्या पावलांचे ठसे बर्फात दूर जातात, आणि अगदी शेवटी ती पोस्टमनकडे वळून तिच्या बोलीत म्हणते, 'मिर गंगत होइम.' चला, घरी जाऊ. संपलं, आता भीती नाही, हे त्या एका फुग्यात कळतं.

"थो फुगा मी तोंडी सांगीन," तुम्ही म्हणालात.

"लिहून पाठवा ना. तीनचार शब्द तर आहेत."

"नाई. थो लिहाचा नाई. तू फोनवर आयकजो अन् जसा आयकला तसा लिहजो."

मी म्हटलं बरं. मला वाटलं, हात जास्त थरथरायला लागला असेल. दहा दिवसांनी ज्योतीचा मेसेज आला, बाबांना ताप आहे, दवाखान्यात नेलंय, आम्हाला आत सोडत नाहीत.

तुमचा अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला, ज्या लॅपटॉपवर तुमची पानं बसवली त्याच्यावरच. आत दहाच माणसं. तिसऱ्या दिवशी ज्योतीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "तुझे खूप उपकार आहेत गं. नाताळात मी बाबांना तोवर झालेलं सगळं पुस्तक वाचून दाखवलं, चाळीसच्या चाळीस पानं. सोफ्यावर बसून ऐकलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"काही नाही. शेवटी म्हणाले, 'छान आहे.' मला जरा ऑड वाटलं, ॲक्च्युअली. बाबा असं कुठे बोलतात? आणि पुस्तक पण सगळं पुस्तकी होतं. मला वाटलं त्यांनीच ठरवलं असेल, मुलींना कळावं म्हणून. मी विचारलं नाही. इट वॉज ग्रँड, रियली."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, काका. चाळीस पानं ऐकलीत, फाडलेला एक कागदही परत येणार नव्हता, आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. उरलेली चार पानं पाठवून दिलीत. ती काढून मी पुन्हा वाचली. तुमच्या हातचं एवढंच शिल्लक आहे, आणि त्यात बकरीचा प्रत्येक फुगा शुद्ध मराठीत आहे, कारण तिथे ती घाबरलेली असते. एक चूक नाही. मला एक मात्राही लावावी लागली नसती. पोस्टमनच्या तोंडची वऱ्हाडीतली सात वाक्यं, बस. ती मी मोजली.

आता त्या फोनचं. टाळत होते.

दवाखान्यातल्या तुमच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत तुमचा फोन आला. मी कपडे बदलायच्या खोलीत होते, केसांवर जाळी, अर्धा पांढरा सूट चढवलेला. पलीकडे यंत्रांचा टुकटुक आवाज. मी म्हटलं, "काका! कसं वाटतंय?"

"नमस्कार," तुम्ही म्हणालात. "जेवण झालं का आपलं?"

मला वाटलं दुसरंच कोणी आहे.

"इथली व्यवस्था उत्तम आहे. परिचारिका फार काळजी घेतात. आपण चिंता करू नये."

"काका, हे काय, असं काय बोलताय?"

"तसं काही नाही. सर्व काही ठीक आहे. बाहेर थंडी फार आहे, सांभाळून राहावं."

एकही चूक नाही. एकही 'नाई' नाही. वर्षभर मला पोरी, माय, वं म्हणणारा माणूस मला आपण म्हणत होता. मला राग आला, काका. भीती वाटायला हवी होती, नियम मला पाठ होता, पण मला राग आला आणि लागलं. त्यानंतर तुम्ही बोलायचं थांबलात. फोन सुरू होता. तुमचा श्वास ऐकू येत होता, चढावर थांबून माणूस घेतो तसा. एक, दोन, तीन. दारावर टकटक झाली, लाइन सुरू व्हायची होती. मी म्हटलं, "संध्याकाळी करते हं," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तुमच्या तोंडावर मास्क होता. मग नळी.

तेव्हापासून मी एवढंच ठरवू बघतेय की त्या फोनवर मी कोण होते. इन्स्पेक्टर, जिच्यासमोर आपली बोली बोलायची नाही? की पोस्टमन, ज्याला घाबरवायचं नाही म्हणून बकरी चांगलं चांगलं बोलते? शब्द दोन्हीकडे सारखेच असतात. फरक फक्त शेवटच्या फुग्यात कळतो, आणि तो तुम्ही मला तोंडी सांगणार होतात.

ज्योती म्हणते, भर ना तूच, चार शब्द तर आहेत. मला ते चार शब्द येतात. वऱ्हाडीत काय होतील तेही आता येतं, वर्षभर तुमच्याशी बोलून. पण ते मी लिहिले तर ते मी लिहिलेले असतील. पहिलं पान मात्र मी परत काढलंय. "काऊन वं माय" एवढं तुमच्या आवाजात आठवतं, तेवढं बसवलं. पुढचं आठवेल तसं बसवीन. चाळीस पानांतलं दोन पानांएवढं जमलं तरी खूप.

सहावी चौकट तशीच ठेवतेय. त्या फोनवर तुम्ही श्वास घेऊन थांबला होतात, काका. फोन तुम्ही ठेवला नव्हता. मी ठेवला.